चॉकच्या ओढ्यावरचे काम : मार्च २०२३ ते सप्टेंबर २०२४

इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्यात, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी एका चॉकच्या (मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या प्रदेशातल्या) ओढ्याचा १४० मीटरांचा तुकडा आम्ही बारा स्वयंसेवकांनी हाती घेतला, त्याच्या या नोंदी आहेत. ज्यांच्या कुरणातून ओढा जातो त्या शेतकऱ्यांच्या विनंतीवरून ओढ्याचे नाव दिलेले नाही. उद्देश दोन होते : डावा काठ खचणे थांबवणे आणि ब्राउन ट्राउट या माशाला अंडी घालण्यासाठी स्वच्छ खडी मिळवून देणे. चॉकच्या टेकड्यांत मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांवाटे वर्षभर साधारण १० ते ११ अंशांनी बाहेर पडते, त्यामुळे ओढा मुळात थंड आणि नितळ असतो. आमच्या तुकड्यात बिघडले होते ते त्याचे पात्र.

१८ मार्च २०२३ : पाहणी

सात ठिकाणी टेप लावून रुंदी मोजली. पात्र सर्वांत रुंद होते तेथे ते ५.८ मीटर भरले आणि पाण्याची खोली मात्र जेमतेम १२ सेंटिमीटर. वेताची काठी तळात खुपसली तर ती गाळात ३० सेंटिमीटर जाऊन मगच गारगोटीला लागली. पूर्वी कधीतरी पाण्याचा निचरा लवकर व्हावा म्हणून हा ओढा खोदून रुंद केला होता. उजव्या काठावर उपसलेल्या मातीचा लांबच लांब ढिगारा अजून आहे. रुंद पात्रात पाणी मंदावते, मंदावले की गाळ टाकते, आणि त्या गाळाखाली खडी गुदमरते.

डाव्या काठाची दरड १.१ मीटर उंच आणि सरळ उभी आहे. कुंपणाचा एक खांब पायाखालची माती गेल्यामुळे तारेला लोंबकळत हवेत राहिला होता. आमचा पहिला विचार दगड लावून काठ बांधून काढण्याचा होता. सोबत आलेल्या नदीतज्ज्ञ बाईंनी दरडीवरच्या तपकिरी, पोकळ, वाळक्या दांड्या बुटाने मोडून दाखवल्या आणि विचारले, की हिवाळ्यात काठ उघडा का पडतो हे आधी पाहिले आहे का? त्या दांड्या हिमालयन बाल्समच्या होत्या. हे झुडूप उन्हाळ्यात दोन मीटरांहून उंच वाढून इतर गवताला वर येऊ देत नाही आणि पहिल्या गारठ्यात स्वतः मरून जाते. मागे उरते ती मुळे नसलेली उघडी माती, तीही नेमकी हिवाळ्यात पाणी चढते तेव्हा. दगडांचा बेत आम्ही त्याच दिवशी सोडला.

२२ एप्रिल : परवानगी

हा ओढा मुख्य नदी म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे परवानगी काउंटी कौन्सिलकडून घ्यावी लागते. शुल्क प्रत्येक बांधकामामागे ५० पौंड. पात्र अरुंद करण्यासाठी आम्ही बांधणार होतो ते काटक्यांचे कट्टे चार, म्हणून २०० पौंड. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून निर्णयासाठी दोन महिन्यांची मुदत असते, आणि यातला ‘पूर्ण’ हा शब्द मी गंभीरपणे घेतला नाही. पात्राचे आडवे छेद व पाण्याची पातळी न जोडता पाठवलेला अर्ज परत आला आणि तीन आठवडे वाया गेले. ही चूक सर्वस्वी माझी. पातळ्या मोजल्याशिवाय अर्जाला हात लावू नये.

वेळेचे गणित येथे फार घट्ट असते. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, म्हणून झाडे-झुडपे तोडायची नाहीत. ऑक्टोबरपासून ट्राउट अंडी घालण्याच्या तयारीला लागतात, म्हणून पाण्यात उतरायचे नाही. हाती उरतो तो सप्टेंबर. एप्रिलचे तीन आठवडे गेले याचा धसका त्यामुळेच होता.

१७ जून आणि १ जुलै : तेरडा

हिमालयन बाल्सम म्हणजे आपल्या तेरड्याचाच मोठा भाऊबंद. १८३९ मध्ये तो शोभेचे झाड म्हणून हिमालयातून ब्रिटनमध्ये आणला गेला आणि बागांतून निसटून नद्यांच्या काठी पसरला. माझी आई तेव्हा राजापूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती काठावर उभी राहून गुलाबी कळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, हा तर गौरीचा तेरडा. हा उपटायचा?” आमच्याकडे भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांची गौर पुजतात, तेव्हा तिला हे बरे वाटणे शक्य नव्हते. मी तिला वाळक्या दांड्यांखालची खचलेली दरड दाखवली. तिने हातमोजे मागून घेतले आणि त्या दिवशी आमच्यात सर्वांत जास्त रोपे तिनेच उपटली.

उपटणे सोपे आहे, कारण मुळे उथळ असतात. मात्र दांडा सर्वांत खालच्या पेराच्या खाली तुटला पाहिजे. पेर जमिनीत राहिले तर पुन्हा फुटवा येतो. बोंड पिकल्यावर हात लागताच फुटते आणि बी सात मीटरांपर्यंत उडते, म्हणून काम फुले येण्याआधी किंवा येताच उरकावे. पहिल्या दिवशी २३ पोती भरली.

चूक दुसरीकडे झाली. पोती संपल्यावर उरलेली रोपे आम्ही ओढ्याकाठच्या ओल्या जागेत ढीग करून ठेवली. दोन आठवड्यांनी पाहतो तो ढिगातल्या वरच्या रोपांनी पेरांतून पांढरी मुळे सोडून पुन्हा माती धरली होती आणि काहींना फुलेही आली होती. ढीग पुन्हा उपसण्यात १ जुलैची अख्खी सकाळ गेली. आता आम्ही दांडे पायाने चेचून, काठापासून लांब, कोरड्या उंचवट्यावर ताडपत्रीवर वाळवतो.

२ सप्टेंबर : मोळ्या

काटक्यांचा कट्टा म्हणजे काय ते एकदा सांगते. पात्राच्या कडेने खुंट्यांच्या दोन रांगा ठोकायच्या, मधल्या जागेत हेझल या झुडपाच्या फांद्यांच्या मोळ्या दाबून भरायच्या आणि वरून तारेने आवळायच्या. पात्र अरुंद झाले की मधले पाणी वेग घेते आणि तळाचा गाळ स्वतःच वाहून नेते. काटक्यांत अडकलेल्या गाळावर गवत रुजते आणि नवा काठ तयार होतो.

शेतकऱ्यांच्या रानातून हेझल तोडली आणि मोळ्या बांधायला बसलो. आमच्या मोळ्या उचलताच मधून सुटत होत्या. दुपारपर्यंत बांधलेल्या १९ पैकी ७ पुन्हा सोडाव्या लागल्या. आई डबा घेऊन आली होती. तिने जमिनीवर सुतळीचे दोन पदर हातभर अंतराने आडवे टाकले, फांद्यांचे बुंधे एकाआड एक उलटसुलट रचले, मोळीवर गुडघा रोवला आणि गाठ मारण्याऐवजी सुतळीच्या फासात एक आखूड काठी घालून तिला पीळ देत गेली. फांद्या करकर वाजत एकमेकींत बसल्या. मग ती काठी तिने मोळीतच खोचून टाकली. त्या पद्धतीने बांधलेली एकही मोळी पुढे सुटली नाही. सुतळी तागाचीच वापरावी. प्लॅस्टिकची दोरी काटक्या कुजल्यावर पाण्यात राहते.

९ सप्टेंबर : खुंटे

या आठवड्यात दक्षिण इंग्लंडमध्ये सलग सात दिवस पारा तिशीच्या वर होता. हवा ३१ अंश, ओढ्याचे पाणी १३. पाण्यात उभे राहणाऱ्यांचे बरे चालले होते. काठावरच्या दोघांना ऊन बाधून सावलीत बसवावे लागले, म्हणून काम दुपारी दोनलाच थांबवले.

खुंटे गोड चेस्टनटच्या लाकडाचे, दीड मीटर लांब, त्यातला एक मीटर जमिनीत. गारगोटीच्या तळात खुंटा सरळ जात नाही. आधी पहारीने भोक पाडावे लागते. हे कळेपर्यंत घणाखाली अकरा खुंट्यांची डोकी फुटली होती. पहारीनंतर दोन मुठींचा लोखंडी नळा खुंट्यावर बसवून ठोकले, तेव्हा फुटणे थांबले. तारेचे आकडे पूर्ण ठोकू नयेत. ते थोडे सैल ठेवून, तार ओढून घेऊन, शेवटी खुंटे आणखी दहा सेंटिमीटर खाली ठोकले की तार आपोआप मोळ्यांवर ताणली जाते.

डाव्या दरडीत मुठीएवढी बिळे सापडली. ती सिग्नल क्रेफिशची. उत्तर अमेरिकेतला हा प्राणी १९७० च्या दशकात येथे संवर्धनासाठी आणला गेला आणि निसटला. तो काठ आतून पोखरतो. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. एवढेच करतो, की बूट, वेडर (पाण्यात उतरताना घालायचे जलरोधक कपडे) आणि अवजारे धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यावर नेत नाही.

१६ सप्टेंबर : उंचीची चूक

हिचा तोटा पुढे सर्वांत जास्त झाला, म्हणून सविस्तर लिहिते. कट्ट्याचा माथा उन्हाळ्यातल्या नेहमीच्या पातळीपेक्षा थोडासाच वर असावा, म्हणजे हिवाळ्यात तो बुडतो आणि त्यावर गाळ बसतो. आम्ही ९ तारखेला दिसली ती पातळी प्रमाण मानली. परंतु चॉकच्या ओढ्यात पांढऱ्या फुलांचे जे पाणगवत वाढते ते उन्हाळाअखेर इतके दाट होते, की त्यानेच पाणी तुंबून पातळी चढलेली असते. आठवड्याच्या मध्यात खालच्या अंगाला कोणीतरी ते गवत कापले आणि शनिवारी येऊन पाहतो तो पाणी १४ सेंटिमीटरने उतरलेले, आणि आमचे तीन कट्टे कोरडे ठणठणीत वर उभे.

पहिल्या आणि तिसऱ्या कट्ट्याची तार सोडवून, मोळ्यांचा एक थर काढून, खुंटे कापून ते दोन्ही पुन्हा बांधले. दुसरा, म्हणजे दरडीलगतचा १८ मीटरांचा सर्वांत लांब कट्टा, तसाच राहू दिला. सर्वजण थकले होते, खडीची गाडी पुढच्या शुक्रवारी यायची होती आणि उंच कट्टा काठाचे अधिकच रक्षण करील अशी मीच सर्वांची समजूत घातली. ती समजूत चुकीची होती.

२३ आणि ३० सप्टेंबर : खडी

ट्राउटला अंडी घालायला साधारण १० ते ४० मिलिमीटरांची गोलसर खडी लागते. मादी शेपटीने खड्डा करते, अंडी घालून खडीने झाकते, आणि त्या खडीतून पाणी वाहत राहिले तरच अंडी जगतात. म्हणून खडी धुतलेली पाहिजे. २० टन मागवली, ती न धुतलेली आली. चार टन पाण्यात पडल्यावर ओढा खाली दोनशे मीटरपर्यंत पिठाच्या पाण्यासारखा झाला, तेव्हा लक्षात आले. काम तेथेच थांबवले. बाकीची बदलून मिळाली, पण वाहतुकीचे १८० पौंड आम्हालाच पडले. गाडी रिकामी होण्याआधी खडीची एक मूठ बादलीभर पाण्यात ढवळून पाहायला एक मिनिट लागते. पडलेली चार टन आम्ही दंताळ्याने ढवळून वाहत्या पाण्यातच धुतली, त्याला दोन दिवस लागले.

३० तारखेला एकचाकी हातगाडीच्या तीनशेहून अधिक खेपा करून १४ मीटर लांब, पाव मीटर जाडीचा खळाळ, म्हणजे पाणी उथळ आणि वेगाने वाहते असा खडीचा पट्टा, तयार झाला. त्याच दिवशी काठापासून तीन मीटर आत नवे कुंपण घातले, म्हणजे गाई थेट दरडीवर येणार नाहीत.

आजवरचा खर्च : परवानगी २००, खुंटे ५६०, तार व आकडे ८५, खडी ९६०, तिची वाहतूक १८०, कुंपण ६४०, एकूण २,६२५ पौंड.

२ डिसेंबर : पहिला वाफा

खळाळाच्या वरच्या टोकाला, शेवाळलेल्या तपकिरी खडीत, परातीएवढा एक भाग घासलेल्या भांड्यासारखा उजळ दिसला. वरच्या बाजूला खड्डा, खाली खडीचा लांबट उंचवटा : हाच वाफा, म्हणजे ट्राउटने अंडी घालण्यासाठी उकरलेली जागा. दहा मिनिटे गुडघ्यांवर बसून राहिलो तेव्हा मादी आली. साधारण हातभर लांब. ती कुशीवर वळली, शेपटी पाच-सहा वेळा फडफडली, खडीचे दाणे उसळून खाली बसले आणि थोडा गढूळ पट्टा वाहून गेला. आमच्यापैकी कोणीही काही बोलले नाही.

६ जानेवारी २०२४ : हेन्क वादळानंतर

२ जानेवारीला हेन्क वादळ येऊन गेले. आधीच्या पावसाने जमीन तुडुंब होती. पाणी उतरल्यावर आज पाहणी केली. पहिला, तिसरा आणि चौथा कट्टा गाळाखाली गेले असले तरी जागेवर आहेत. दुसऱ्याच्या मागून पाणी शिरले आहे : कट्टा आणि दरड यांच्यामध्ये ४० सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब नाली पडली असून तेवढ्या लांबीत काठ कोसळला आहे.

कारण पहिल्या कट्ट्याशी ताडून पाहिल्यावर उलगडले. पहिल्याच्या वरच्या टोकाला काठ भुसभुशीत होता, म्हणून आम्ही सहजच खोदून मोळ्या काठात घुसवल्या होत्या. दुसऱ्याचे टोक दरडीला नुसते टेकवले होते. शिवाय तो उंच. कमी उंचीच्या कट्ट्यावरून पाणी पसरून गेले असते. उंच कट्ट्याने ते अडवले आणि मिळाली त्या फटीतून काठावर ढकलले. सप्टेंबरातली दोन्ही आळसाची कामे एकाच जागी एकत्र आली.

३ फेब्रुवारी

नाली अजून रुंदावते आहे. शेतकऱ्यांनी जुन्या गोठ्याचे काँक्रीटचे तुकडे आणून टाकण्याची तयारी दाखवली, आणि त्यांची जमीन जात असताना नाही म्हणणे आम्हाला जड गेले. पण अंड्यांचा वाफा त्या जागेपासून सहा मीटर खाली आहे. रोजच्या तापमानाची बेरीज सुमारे ४०० ते ४५० झाली की अंडी फुटतात. पाणी ८ अंश आहे, म्हणजे पिल्ले आता बाहेर पडली असतील, पण आणखी काही आठवडे ती खडीच्या आतच राहतात. आत्ता काठ उकरला तर सुटणारी माती थेट त्यांच्यावर बसेल. हे शेतकऱ्यांना काठावर उभे राहून सांगितले. त्यांनी थोडा वेळ पाण्याकडे पाहिले आणि कुंपण आणखी दोन मीटर मागे घ्यायला परवानगी दिली. पाण्याला हात न लावता त्या दिवशी तेवढेच काम केले. एप्रिलपर्यंत आणखी ६० सेंटिमीटर काठ गेला, याची नोंद येथे असायला हवी.

११ मे

चौथ्या कट्ट्याच्या कडेला, काटक्यांच्या सावलीत, तीन सेंटिमीटरांची ट्राउटची पिल्ले. अंगावर गडद उभे ठसे. मोजली ती १७.

एक नवी चूक उघड झाली. खुंटे कमी पडले तेव्हा एका सहकाऱ्याने आणलेले बारा ओले विलोचे खुंटे आम्ही ठोकले होते. त्या सर्वांना पालवी फुटली आहे. विलोची काठी जमिनीत खोचली की झाड होते. पात्राच्या मध्याकडे झालेली झाडे पुढे पाणीच अडवतील. काठालगतचे चार सावलीसाठी ठेवले, आठ सप्टेंबरात उपटायचे ठरले.

१५ जून

तेरडा : या वर्षी ९ पोती. बी जमिनीत दोन वर्षांपर्यंत टिकते, म्हणून पुढचे वर्षही यात जाईल. उघड्या जागेत गवताचे पातळ कोंब येऊ लागले आहेत.

१४ आणि २१ सप्टेंबर : दुरुस्ती

नऊ जण, दोन शनिवार, १४० पौंड. दुसऱ्या कट्ट्याचे वरचे पाच मीटर पूर्ण सोडवून काढले. काठात दीड मीटर आत चर खोदून त्यात तीन मोळ्या प्रवाहाला तिरक्या घातल्या, दोन्ही बाजूंनी खुंटे ठोकले, माती थराथराने भरून पायाने तुडवली. संपूर्ण कट्ट्याचा माथा १२ सेंटिमीटरने उतरवला. या वेळी पातळी खालचे गवत कापल्यानंतरच घेतली. उभी दरड फावड्याने तासून उतरती केली आणि खालच्या अंगाचे लव्हाळ्याचे गड्डे आणून लावले. विलोचे आठ खुंटे उपटायला पहार आणि चार माणसे लागली, कारण वर्षभरात मुळे हातभर गेली होती.

मार्च २०२३ मध्ये जेथे काठी गाळात ३० सेंटिमीटर गेली होती तेथे रुंदी आता ३.४ मीटर आहे आणि काठी चार सेंटिमीटरांवर गारगोटीला लागून खण् वाजते. वरच्या वळणावर, जेथे आम्ही काही केले नाही, गाळ २६ सेंटिमीटर आहे.

दुसऱ्या कट्ट्यामागे काठापासून आत तीन लोखंडी खुंट्या पुरल्या आहेत. आज त्यांच्यापासून काठाच्या कडेपर्यंतचे अंतर वरून खाली १.९०, २.०५ आणि १.८५ मीटर आहे. पुढची मोजणी पहिल्या मोठ्या पुरानंतर, पाण्यात न उतरता.